सरळ पाठीचा कागद

शेवंताबाई निकुरे यांना राईस मिलच्या फाटकावरून परत पाठवण्यात आलं ते मागच्या दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी. मी तिथे नव्हते. वेळ शेवंताबाईंनी सांगितली आणि नंतर विचारल्यावर फाटकावरच्या चौकीदारानेही मान हलवली. कारण असं दिलं गेलं की त्यांची कंबर दुखते. कंबर दुखते म्हणजे त्या चुकीच्या पद्धतीने वाकतात. आणि बरोबर पद्धतीने वाकायचं तर त्यांना रीतसर शिकवलेलं आहे. शिकवल्याचा कागद मिलच्या फाइलीत आहे. कागदावर त्यांचा अंगठा आहे. अंगठ्याच्या खाली शिकवणाऱ्या बाईची सही आहे.

ती सही माझी आहे.

संपादकांनी मला सांगितलं होतं, 'तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा, वाचकांना आवडतात.' गमती आहेत, त्याही येतील. एरवी या पानांवर निवृत्त लोक लिहितात. माझी निवृत्ती व्हायला अजून तीस वर्षं आहेत, पण मागच्या हंगामात जे झालं ते तीस वर्षं पोटात ठेवायची माझी तयारी नाही. मिलचं नाव छापणार नाही अशी संपादकांची अट आहे. मूल-सिंदेवाहीच्या बाजूला राहणाऱ्यांना ते लागणारही नाही.

मी चंद्रपूरला एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात सहायक आहे. डॉक्टर नाही. डॉक्टर तपासतात, काय झालंय ते ठरवतात, मग पेशंट माझ्याकडे येतो आणि मी त्याच्याकडून व्यायाम करून घेते. आठवड्यातून एकदा बाहेर शिबिर असतं, तिथे मी एकटीच जाते. त्याआधी भद्रावतीला कॉलेजात होते तेव्हा आम्ही चारपाच जण पत्रकं काढायचो, वसतिगृहाच्या पाण्यापासून एसटीच्या पासापर्यंत सगळ्यावर. पत्रक लिहायचे दोन नियम मला तेव्हा शिकवले गेले. कोणावर अन्याय झाला आणि कधी झाला ते पहिल्या ओळीत आलं पाहिजे. आणि समोर आलेला कोणताही कागद वरून खालपर्यंत वाचल्याशिवाय हातात धरायचा नाही. पहिला नियम मी वर पाळला आहे. दुसरा मी मोडला, आणि त्याचीच ही हकिगत आहे.

आधी धंदा समजून घ्या. 'पोश्चर' म्हटलं की लोक लगेच छाती काढून, खांदे मागे ओढून, शाळेतल्या सावधानसारखे उभे राहतात. दोन मिनिटांत थकतात आणि पुन्हा ढेपाळतात. पाठ सरळ ठेवणं हे खांद्यांचं काम नाहीच. पोटाच्या आत, बेंबीच्या खाली, गोल पट्ट्यासारखे स्नायू आहेत. आपण काही उचलतो तेव्हा ते आवळले गेले तर मणक्यावरचा भार वाटला जातो. आवळले नाहीत तर सगळा भार खालच्या दोनचार मणक्यांवर येतो. दुसरी गोष्ट, वाकायचं ते कमरेतून नाही, जांघेतून. दाराची बिजागरी जिथे असते तिथून दार फिरतं, मधूनच मोडत नाही. माणसाची बिजागरी जांघेत आहे, आपण मात्र मधूनच मोडतो. तिसरं म्हणजे गुडघा, घोटा, खुबा हे सांधे मोकळे फिरले पाहिजेत. ते आखडले की त्यांचं काम बिचाऱ्या कमरेला करावं लागतं. माझी सगळी विद्या एवढीच. हे शिकवायला मला यंत्र लागत नाही. एक सतरंजी लागते आणि ऐकून घेणारा माणूस लागतो. सतरंजी लवकर मिळते.

संशय हा या धंद्यातला रोजचा सोबती. राजुऱ्याकडचा एक ट्रक ड्रायव्हर यायचा, कोळशाच्या गाडीवरचा. उजव्या कुल्ल्यातून पायात कळ उतरायची. डॉक्टरांनी तपासून माझ्याकडे पाठवला. मी त्याला उभा केला, चालवला, बसवला, आणि म्हटलं, "भाऊ, पाकीट काढा."

"कायले?"

"मागच्या खिशातलं. टेबलावर ठेवा."

"हे दवाखाना हाये का काय हाये? फी तं बाहेर भरली न मी!"

"तुमचं पाकीट मला नको आहे. ते काढून पुन्हा बसा."

त्याने पाकीट काढलं ते हातात घट्ट धरूनच. अर्ध्या विटेएवढं जाड. लायसन, पावत्या, चार देवांचे फोटो, बायकोचा फोटो, लोकांची व्हिजिटिंग कार्डं. दिवसाचे दहा तास तो एका कुल्ल्याखाली ही वीट घेऊन गाडी चालवत होता. कंबर एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने खाली. पाकीट शर्टाच्या खिशात गेलं, सोबत दोन ताण द्यायचे व्यायाम दिले, तीन आठवड्यांत कळ थांबली. मला वाटलं, माणूस आभार मानायला येईल. आले ते त्याचे दोन दोस्त. दारातूनच एकाने विचारलं, "इथी पाकीट काढून घेते म्हन्ते, खरं हाये का?"

संशय माझ्याही बाजूने असतो. आठवडी बाजारात एक माणूस पाठीचे पट्टे विकतो. छातीवरून आडवा, पाठीवर फुली. लावला की माणूस एकदम ताठ. मी त्याच्यासमोर उभी राहून गिऱ्हाइकांना सांगते की पट्टा स्नायूचं काम करायला लागला की स्नायू रजेवर जातो. तो मला हाकलतो. फोनवर तर आता प्रत्येकाला एक ताठ पाठीचा गुरू भेटलेला आहे, 'फक्त एक व्यायाम' सांगणारा. जिथे 'फक्त एक' असं ऐकू येतं तिथे पुढे काहीतरी विकलं जाणार, हे मी धरूनच चालते. फुकट शिबिर दिसलं तर मी आधी पाहते, पाण्याच्या बाटल्यांवर कोणाचा फोटो आहे.

एवढी संशयी बाई मी. आणि फसले कुठे, तर पोह्याच्या ताटलीसमोर.

दसऱ्याच्या थोडं आधी त्या मिलच्या मॅनेजरचा फोन आला. आवाज फार नम्र. "मॅडम, आमच्याकडच्या बायांना कंबरेचा त्रास होतो. हंगाम सुरू व्हायच्या आत एक शिबिर घ्या. आम्हाला आमच्या बायांची काळजी आहे." शिबिर मिलमध्ये का नाही, असं मी विचारलं. तर म्हणे तिथे धूळ असते, गावच्या शाळेचा व्हरांडा छान आहे, पंखा आहे. सतरंज्या त्यांच्या, पोहे त्यांचे, चहा त्यांचा. मला वाटलं, चला, एक तरी मालक सुधारला. हे वाटणं मी आज लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा वाटणार नाही.

बाया जमल्या, तीसएक असतील. आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या, एकही पुढे येईना. शेवटी एकीने विचारलं, "बाई, हे नसबंदीचं तं नाई न?"

"नाही हो. व्यायामाचं आहे."

"कायचा व्यायाम? दिवसभर धान उपसून राह्यलो आमी, आनखी कायचा व्यायाम लागते?"

प्रश्न बरोबरच होता. मी म्हटलं, धान उपसून कंबर दमते, मी तुमची कंबर दमू नये म्हणून पोटाला कामाला लावते. त्यावर मागून कोणीतरी म्हणालं, "पोटापायीच तं कंबर दमते, बाई." सगळ्या हसल्या आणि पुढे सरकल्या. हे बोलणारी बाई म्हणजे शेवंताबाई निकुरे. वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगाने वाळक्या, डोळे बारीक करून समोरच्याचं माप घेणाऱ्या.

उताणं झोपून करायच्या व्यायामाला मोठीच अडचण आली. शाळेच्या फाटकाशी दोनचार गडीमाणसं उभी, आणि त्यांच्यासमोर बाया झोपणार कशा? शेवंताबाईंनीच तोड काढली. दोघींनी वरून पांघरलेली पातळं सोडली आणि व्हरांड्याच्या खांबांना आडवी बांधली. आडोसा झाला. मग मात्र असा धमाल वर्ग मी आयुष्यात घेतलेला नाही. हातापायावर ओणवं होऊन पाठ वर फुगवायची आणि खाली सोडायची, याला आमच्या पुस्तकात मांजर आणि उंट म्हणतात. "उंट कुठी पायला आमी?" कौसल्याबाई नावाच्या एका जाड, हसऱ्या बाईने विचारलं. मग ठरलं की पाठ वर म्हणजे मांजर आणि पाठ खाली लोंबली की डुक्कर. एक हात पुढे आणि उलट्या बाजूचा पाय मागे ताणून तोल सांभाळायचा, त्याचं नाव बगळा. पोट आवळा म्हणून मी घसा फोडला तरी जमेना. तेव्हा मला सुचलं, लुगडं नेसताना निऱ्या खोचायला पोट जेवढं आत घेता तेवढंच घ्या आणि श्वास चालू ठेवा. तीस बायांना एका क्षणात जमलं. मला कॉलेजात ते जमायला महिना लागला होता. ओझं उचलायचं तेही शिकवलं. पाय फाकवा, गुडघे वाकवा, कुल्ले मागे, घमेलं पोटाजवळ, मग उठा. वळायचं तर पाऊल टाकून वळा, कमरेतून पिळू नका. शेवंताबाईंनी रिकामं घमेलं असं उचललं की मी सगळ्यांना थांबवून म्हटलं, पाहा, असं पाहिजे.

शेवटी मॅनेजरच्या माणसाने मला क्लिपबोर्ड दिला आणि शाईचा डबा दिला. "हजेरी घ्या, मॅडम." प्रत्येकीचा वेगळा कागद होता. तिथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. हजेरीला प्रत्येकीचा वेगळा कागद कशाला? पण माझी चंद्रपूरची बस चुकत होती. कागदांचा वरचा भाग क्लिपखाली दुमडलेला होता. खाली नाव, अंगठा आणि माझ्या सहीची जागा. बाया अंगठे देत गेल्या, मी सह्या करत गेले. शेवंताबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी अंगठा शाईत बुडवला आणि तसाच वर धरला.

"वर काय लिवलं हाये, बाई?"

मी म्हटलं, "हजेरी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अंगठा टेकवला.

दिवाळी झाली. धान मिलवर यायला लागलं. आणि त्या सोमवारी दुपारी शेवंताबाई एसटीने चंद्रपूरला माझ्या दवाखान्यात आल्या. बाकड्यावर बसल्या नाहीत. भिंतीला हात टेकवून उभ्या राहिल्या. कंबर आठ दिवसांपासून धरली होती. त्यांनी मॅनेजरला एवढंच म्हटलं होतं, काही दिवस मले हौदावरून काढा, पोती शिवाच्या कामावर बसवा. मॅनेजरने फाइल उघडली आणि कागद वाचून दाखवला. मग म्हणाला, आता घरीच बस.

"त्यात काय लिवलं हाये मालूम हाये तुले?" शिबिरात 'बाई' म्हणणाऱ्या शेवंताबाई 'तू'वर आल्या होत्या. "लिवलं हाये का मले बरोबर उचलाचं शिकवलं. आता कंबर दुखन तं माह्या चुकीनं दुखन. मिलचा काई संबंध नाई. तू तं म्हनली होती, हजेरी हाये."

मी काय बोलले ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी विचारलं, "शेवंताबाई, तुम्ही व्यायाम करत होता का? की सोडून दिले?"

म्हणजे मी तेच केलं जे मॅनेजरने केलं. पहिला संशय त्यांच्या कमरेवर.

त्या सतरंजीवर ओणव्या झाल्या, दुखत्या कमरेने, आणि करून दाखवू लागल्या. मांजर. मग बगळा, डाव्या उजव्या दोन्ही बाजूंनी, तोल जराही न जाता. तिसऱ्याला मीच त्यांना धरून उठवलं. डॉक्टरांनी तपासलं. नस दबलेली नव्हती, स्नायू मात्र दगडासारखे घट्ट झाले होते. वाकून आणि पिळून काम करणाऱ्याचे होतात तसे. चार दिवस पूर्ण आराम आणि पुढे महिनाभर वाकायचं काम बंद, असं त्यांनी लिहून दिलं.

"पण तुम्ही तर बरोबर उचलता," मी म्हटलं. "मग पिळ कुठून पडतो?"

"तुह्या पद्धतीनं तिथी उभंच राहता येत नाई, पोरी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी दवाखान्यातलं बाकडं भिंतीजवळ ओढलं, भिंत आणि बाकडं यांच्यामध्ये एक पाऊल मावेल एवढीच जागा ठेवली आणि त्या फटीत उभ्या राहिल्या. "हे हौद. हे मांगं टिन. आता वाकव गुडघे."

उकड्या तांदळाच्या मिलमध्ये धान आधी सिमेंटच्या हौदात भिजत घालतात, मग उपसून वाफेवर उकडतात, मग अंगणात वाळवतात. उपसायचं काम बायांचं. हौदात वाकायचं, ओलं धान घमेल्यात भरायचं आणि बाजूला वळून वाहून नेणारीच्या डोक्यावर द्यायचं. हे मला ऐकून माहीत होतं. पाहिलेलं मात्र नव्हतं. शिबिर व्हरांड्यात झालं होतं ना, पंख्याखाली.

बुधवारी मॅनेजरचाच फोन आला. "मॅडम, एक बाई तुमच्याकडे आली होती म्हणे. तुम्ही येऊन जरा हौदावरच्या बायांना पाहा, आणि त्या बाईचं पोश्चर चुकीचं होतं असं दोन ओळी लिहून द्या. विषय संपवू." मी म्हटलं, येते. शिंप्याची फीत पिशवीत टाकली आणि गेले.

हौदाचा कठडा गुडघ्याच्या वर चार बोटं. त्याच्या मागे शेडची टिनाची भिंत. कठडा आणि टिन यांच्यातली जागा मी मोजली. सव्वा फूट. तिथे कौसल्याबाई धरून पाच बाया ओळीने उभ्या. मी साडीचा पदर खोचला, चपला काढल्या आणि त्यांच्यात घुसले. माझ्याच पद्धतीने गुडघे वाकवायला गेले तर गुडघे कठड्याला आपटले आणि कुल्ले टिनाला. पाय फाकवावे तर शेजारणीच्या पायावर पाय. उरला एकच रस्ता, गुडघे ताठ ठेवून कमरेतून घडी घालणं. पहिली चार घमेली वरच्या धानाची होती. धान खाली गेलं तसं डोकं हौदात गेलं. वळून द्यायचं तर पाऊल टाकायला जागाच नाही, कमरेतूनच पिळावं लागतं. अकराव्या घमेल्याला माझ्या कमरेत असा जाळ उठला की मी कठडा धरून तशीच लोंबकळले.

"माय व, बाईचं डुक्कर झालं पाय!" कौसल्याबाई ओरडली आणि पाचही जणी घमेली टाकून हसल्या. मलाही हसू आलं. मग रडू आलं. तेही त्यांनी पाहिलं.

मी मॅनेजरला सांगितलं, शिकवलेली पद्धत इथे करताच येत नाही. भिंत मागे घ्या किंवा कठड्याच्या बाहेर उभं राहायला ओटा करा. तोवर शेवंताबाईंना बसून करायचं काम द्या. आणि ते कागद मला परत द्या, मी माझी सही काढून घेते.

त्याने फाइलीतून एक कागद काढला, वरच्या तीन ओळी मला वाचून दाखवल्या आणि हसून म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकवलं की नाही शिकवलं?"

"शिकवलं."

"त्या शिकल्या की नाही?"

"शिकल्या."

"मग कागदात खोटं काय आहे?"

कागदात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर तो एवढा उपयोगाचा होता. मी घरी येऊन लांबलचक पत्र लिहिलं, सही मागे घेत असल्याचं. पत्रकांची सवय कामी आली. शुक्रवारी सकाळी ते घेऊन शेवंताबाईंसोबत फाटकावर गेले. पत्र चौकीदाराने घेतलं, आम्हाला आत घेतलं नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही बसलो. तिथून फाटकातून हौदाची शेड सरळ दिसायची.

हौदावरच्या पाचही बाया आमच्या समोरून आत गेल्या. एकीनेही शेवंताबाईंकडे पाहिलं नाही. कौसल्याबाई तर मान वळवून गेली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "पाहा. धमकावलं यांना. नाही तर काहीतरी कबूल केलं असेल. तुमच्या जागी आणखी कोणाची वहिनी, कोणाची सून लावली असेल."

"तोंड बंद ठेव," शेवंताबाई शेडकडे बोट करत म्हणाल्या. "पाय तिकडं."

हौदाच्या एका टोकाला, जिथे दार होतं तिथे, थोडी मोकळी जागा होती. एका बाईला पाय फाकवून उभं राहता येईल एवढीच. कौसल्याबाई तिथे जाऊन उभी राहिली. बाकीच्या चौघी तिच्या मागे रांगेत. कौसल्याबाईने पाय फाकवले. निऱ्या खोचल्यासारखं पोट आवळलं. गुडघे वाकवले, कुल्ले मागे घेतले, हात पोहोचला तेवढंच धान घमेल्यात भरलं. श्वास घेतला. उठली. एकेक पाऊल टाकत, कंबर जराही न पिळता, गोल वळली आणि घमेलं वाहून नेणारीच्या डोक्यावर ठेवलं. मग रांगेच्या शेवटी गेली. दुसरी पुढे आली. तिनेही पाय फाकवले.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी आजवर घेतलेल्या कोणत्याही वर्गात इतका बिनचूक व्यायाम झालेला नव्हता.

दोन तासांत हौदाचा एक कोपरासुद्धा उपसला गेला नाही. भिजलेलं धान वेळेत निघालं नाही तर आंबतं, त्याचा वास तांदळाला लागतो आणि तो कोणी घेत नाही. बॉयलरवरचा मिस्त्री ओरडत आला, "काऊन व, रांग काऊन लावली? धान आंबून राह्यलं तिकडं!" मग मॅनेजर धावत आला. त्याचं बोलणं फाटकापर्यंत ऐकू येत होतं.

"हे काय चालू आहे?"

"पोश्चर, सायब," कौसल्याबाई म्हणाली.

"नाटकं नका करू! भराभर उपसा!"

"भराभर कसं उपसाचं? कागदावर लिवलं हाये न, आमाले बरोबर उचलाचं शिकवलं म्हून. चुकीचं उचललं आन् कंबर दुखली तं तुमी घरी पाठवता. शेवंताले पाठवलं. आमाले घरी नाई जाचं, सायब. आमी बरोबरच उचलतो."

"रोज उचलत होत्या तसं उचला की!"

"तसं लिहून द्या मंग."

मागच्या एका बाईने भर घातली, "आन् आमचा नाई, तुमचा अंगठा द्या त्यावर."

टपरीवाल्यासकट सगळे हसले. शेवंताबाई हसल्या नाहीत. त्या मॅनेजरच्या हाताकडे पाहत होत्या. तो हात कमरेवरून डोक्यावर गेला, डोक्यावरून फोनवर गेला. तो कोणाशी तरी बोलला. दुपारचे दोन वाजायच्या आत चौकीदार टपरीवर आला आणि म्हणाला, "शेवंताबाई, चाला. पोती शिवाले बसा म्हन्ते."

आदल्या रात्री त्या पाच जणींनी हे आपसात ठरवलं आणि मला सांगितलं नाही, याचं कारण मी कौसल्याबाईला नंतर विचारलं. ती म्हणाली, "तुले सांगतलं असतं तं तू त्याचं पत्रक काढलं असतं." बरोबर आहे. काढलं असतंच.

पुढच्या आठवड्यात शेडची टिनाची भिंत दोन हात मागे सरकली. आता तिथे गुडघे वाकतात. शेवंताबाई बसून पोती शिवतात आणि सकाळी घरी आडोसा बांधून बगळा करतात. कंबर बरीच हलकी झाली आहे. व्यायामाने किती आणि भिंतीने किती, हे मी सांगू शकत नाही. ज्याला व्यायाम विकायचा असेल त्याने सांगावं. मी एवढंच सांगते की व्यायामावर माझा विश्वास तेवढाच आहे जेवढा आधी होता, आणि त्या टिनावर थोडा जास्त.

पण कागद परत मिळाले नाहीत. मी तीनदा मागितले. आधी म्हणाले फाइल सापडत नाही, मग म्हणाले वरच्या ऑफिसात गेली, मग फोन उचलणं बंद झालं. म्हणजे उद्या शेवंताबाईंची कंबर पुन्हा धरली आणि त्या दिवशी मिलला त्यांची गरज नसली, तर तोच अंगठा पुन्हा निघेल. खाली माझी सही असेलच. या उन्हाळ्यात मला आणखी दोन ठिकाणांहून शिबिराची बोलावणी आली, एक वीटभट्टीवरून आणि एक रोपवाटिकेतून. दोघांनीही सोबत 'हजेरीचा नमुना' पाठवला. वरच्या तीन ओळी शब्दन् शब्द त्याच होत्या. मी दोघांना कळवलं की शिबिर कामाच्या जागेवर होईल आणि अंगठा कोणीही देणार नाही. त्यानंतर दोघांचीही काळजी आटली.

हा अंक कोण वाचतं ते मला माहीत आहे. तुमच्यात मिलवाले आहेत, ठेकेदार आहेत, शाळेचे मुख्याध्यापक आहेत, माझ्यासारखे सह्या करत फिरणारे डॉक्टर आणि ट्रेनर आहेत, आणि त्या तीन ओळी टाइप करणारा कोणीतरी नक्की आहे. तुम्हाला मी पाठ सरळ ठेवा असं सांगणार नाही. तुमच्या कपाटात एखाद्या बाईच्या अंगठ्याचा असा कागद असेल, तर उद्या कपाट उघडा, तो कागद बाहेर काढा, तिच्यासमोर उभं राहून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचा, आणि तिच्या हातात द्या. झेरॉक्स ठेवू नका.